दातावरचा तीळभर डाग

पुष्करनं दाताला चिकटवलेली टिकली त्याच संध्याकाळी महादेवाच्या शंखात जाऊन बसली.

हिंगोलीहून नरसीला जाणाऱ्या रस्त्यावर महादेवाचं एक लहानसं देऊळ आहे. तिथली सेवा शिवप्रसाद गुरवांच्या घराकडं. आरतीआधी शिवप्रसाद तीनदा शंख फुंकायचे. रस्त्यापलीकडचा चहावाला त्या आवाजावर दुधाचं पातेलं चढवायचा, इतका तो आवाज नेमाचा. त्या दिवशी पहिली फुंक बरी गेली. दुसऱ्या फुंकेला शंखात आधी 'खळ्ळ' असं काहीतरी वाजलं आणि मग सर्दी झालेल्या बोकडानं शिंकावं तसा आवाज निघाला. देवळातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. चहावाल्यानं पातेलं चढवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पुष्कर दवाखाना उघडायला आला तर शिवप्रसाद पायरीवर बसलेले. मांडीवर उपरण्यात गुंडाळलेला शंख, शेजारी त्यांची आई अनुसयाबाई.

"डॉक्टर, तुमची वस्तू ह्याच्यात हाय," शिवप्रसाद म्हणाले. समोरच्या एका दातावरची टिकली गायब होती.

"गिळली नाही ना पण?"

"गिळली असती तर शंख कशाला आणला असता लेका?" अनुसयाबाई म्हणाल्या. "पोरालाच उलटं धरून हलवलं असतं."

टिकली म्हणजे ब्रॅकेट. दातांवर एकेक चिकटवायची आणि मग त्यातून तार ओवायची, की तार हळूहळू दात सरकवते. पुष्करच्या कॉलेजात तिला ब्रॅकेटच म्हणत. अनुसयाबाईंनी त्या दिवशी तिला टिकली म्हटलं आणि तेव्हापासून त्या दवाखान्यात ती टिकलीच झाली. पुष्करच्या सरांची एक जुनी सवय होती: पहिल्या दिवशी नुसत्या टिकल्या लावायच्या, चिकटवायचा मसाला मुरू द्यायचा, तार दुसऱ्या दिवशी. सरांचं सगळं पुष्करनं उचललं होतं, एक सोडून. सर काम करताना बोलत नसत.

आदल्या दिवशी पुष्कर मात्र बोलत होता. बोर्ड लावल्याला तीन महिने झाले होते. 'वाकड्या दातांचे तज्ज्ञ' असं ठळक अक्षरात लिहूनही लोक येत ते दात उपटायलाच. शिवप्रसाद हे तारा लावून घेणारं पहिलं मोठं माणूस. चाळिशी ओलांडलेली, डोक्याला टक्कल, तक्रार एकच: "खालचे दात वरच्याला आतून ठोकर मारून राहिले, काही तरी करा." पुष्करला इतका आनंद झाला की एक्स-रे त्यानं खिडकीकडं धरून नुसता पाहिल्यासारखा केला, आणि सगळ्या दातांवर आपल्या तज्ज्ञपणाची गोष्ट सांगत सांगत टिकल्या चिकटवल्या.

शंखात पाणी ओतून, काकडा काढायची सळई घालून, उलटासुलटा करून झाला. टिकली आतल्या वळणात कुठंतरी रुतली होती. शेवटी अनुसयाबाईंनी शंख हातात घेतला, तोंडावर तळवा दाबला आणि ताक घुसळावं तसा हळूहळू फिरवला. तळवा काढताच टिकली टिंग करून बेसिनमध्ये पडली.

"घे. जत्रंतली टिकली बी घाम आल्याबिगर सुटत न्हाई." मग त्यांनी पुष्करकडं डोळे बारीक करून पाहिलं. "तू कनेरगाव नाक्याच्या उद्धवचा ना? ढाबेवाल्याचा?"

"हो आजी."

"तुझ्या बापाची बेसनभाकर दाताला चिकटायची ती दुसऱ्या दिवशीपर्यंत सुटायची न्हाई. त्याच्याकून शिकायचं व्हतंस."

पुष्करनं शिवप्रसादांना खुर्चीवर घेतलं. या वेळी तोंड बंद ठेवून काम करायचं ठरवलं, आणि तोंड बंद ठेवल्यामुळंच त्याला दिसलं. टिकली लावायच्या आधी दातावर निळं जेल लावतात. ते अ‍ॅसिड असतं. अर्ध्या मिनिटानं धुवून हवेनं वाळवलं की खरा दात खडूसारखा पांढराफटक पडतो, आणि त्या खरखरीत जागेला मसाला धरतो. हा दात पांढरा पडला नाही. धुतला, वाळवला, तरी धुतलेल्या ताटासारखा चमकत राहिला.

पुष्करनं दिवा जवळ ओढला. शेजारच्या दातावर एक पांढरट डाग होता, तीळभर. इकडचं बोअरचं पाणी लहानपणापासून प्यायलेल्या बऱ्याच जणांच्या दातांवर असे डाग असतात. तसाच डाग या दातावरही होता. तोच रंग, तशीच पुसट कड. काल त्या डागानंच त्याला फसवलं होतं. खोट्या दाताला कोण डाग पाडतं?

"काका, हा दात... कॅप आहे?"

"व्हय."

"काल सांगायचं नाही का?"

शिवप्रसाद गोंधळले. "तुमी एक्स-रे पाहिला ना? मला वाटलं, डॉक्टरला दिसतंयच की."

पुष्करनं पाकिटातला एक्स-रे काढला. समोरच्या दाताच्या जागी धातूचा पांढरा ठिपका टॉर्च लावल्यासारखा चमकत होता. तो कोणालाही दिसला असता. अनुसयाबाईंनाही दिसला, चष्मा नसताना.

"माझ्या सुनंनं बनवलेला हाय तो," त्या म्हणाल्या, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

*

सून म्हणजे साधना. तिला पुष्करनं कधी पाहिलं नाही. तो हिंगोलीत दवाखाना टाकायला आला त्याच्या वर्षभर आधी ती गेली. पण हिंगोलीतल्या अनेकांच्या तोंडात ती अजून आहे. तुम्ही इथल्या कुणा दुकानदाराला हसताना पाहिलं असेल तर तिचं काम पाहिलं असण्याचा संभव मोठा आहे.

बाजाराच्या मागं एका खोलीत दात बनवायची लॅब होती. डॉक्टर दाताचं माप घेऊन पाठवायचे, तिथून कॅप बनून यायची. साधना अकोल्याची, माहेरी काकाच्या हाताखाली हे काम शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा गुरवांच्या घरात कुणाला तिचा धंदा सांगता येईना. शेवटी अनुसयाबाईंनी शेजारणींना सांगून टाकलं, "सून कुंभारकाम करते, पण बारीक." ते काही चूक नव्हतं. धातूच्या टोपणावर चिनीमातीची भुकटी पाण्यात कालवून बारीक ब्रशनं थर द्यायचे, भट्टीत भाजायचं, बाहेर काढून घासायचं, परत थर, परत भाजणं. पंखा लावला की भुकटी उडते म्हणून उन्हाळ्यातही पंखा बंद, खिडकी बंद. घासलेली धूळ नाकातोंडात. तोंडाला बांधायला रुमाल असायचा, पण घामानं ओला झाला की ती तो काढून ठेवायची.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, श्रावणातल्या एका सोमवारी शिवप्रसाद शंख फुंकत होते. मागून गर्दीचा लोट आला, शंख दातावर आपटला आणि समोरचा दात अर्धा तुटला. साधनानं कॅप स्वतःच्या हातानं बनवली. पहिली बनवली ती अगदी शुभ्र. डॉक्टरांनी बसवून पाहिली तर शिवप्रसाद तोंडात भाड्यानं दात आणल्यासारखे दिसायला लागले. घरी आल्यावर ती त्यांच्याकडं बघून पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी कॅप परत मागवली, आणि शेजारच्या दातावरचा डाग पाहून पाहून तसाच डाग आत भाजला. वर रंगवलेला नाही, थरांच्या आत भाजलेला. त्यासाठी म्हणे चार वेळा भट्टी तापवली. लॅबवाला ओरडला की वीज फुकट आहे का. ती म्हणाली, "नवऱ्याचा दात हाय, लोकाचा न्हाई."

पुढं तिला खोकला लागला. जुना झाला, मग जिना चढवेना. नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, बाई कुठं काम करतात, दगडाच्या खाणीत का? घरच्यांना आधी राग आला. मग कळलं, लॅबमधली धूळ छातीत बसली होती. तेव्हा उशीर झालेला होता. शेवटच्या महिन्यात तिला बोलताना दम लागायचा, म्हणून ती बोलायचीच नाही. शिवप्रसाद समोर बसले की बोटानं खूण करायची. म्हणजे दात दाखवा. ते दाखवायचे. ती बघायची आणि मान हलवायची, की ठीक आहे.

हे सगळं पुष्करनं एका दमात ऐकलं नाही. ते दोन वर्षांच्या येण्याजाण्यात तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, काही शिवप्रसादांकडून, बरंचसं अनुसयाबाईंकडून. त्या सकाळी शिवप्रसाद एवढंच म्हणाले, "हा दात गेला न्हाई पाहिजे, डॉक्टर. ठोकर लागून राहिली, म्हून तर आलो. बाकी मला वाकडं काय अन् सरळ काय."

मग पुष्करला कळलं की हा माणूस दात सरळ करायला आलेलाच नाही. तो कॅप वाचवायला आला आहे.

*

गाठ अशी होती. काहीच केलं नाही तर खालचे दात आतून ठोकर देत देत एक दिवस कॅप फोडणार. ठोकर थांबवायची तर दात सरकवायला हवेत, आणि समोरचाच दात असल्यामुळं त्याच्यावर टिकली लावल्याशिवाय तार ओढता येत नाही. खऱ्या दाताचं अ‍ॅसिड चिनीमातीवर चालत नाही. तिथं दोन वाटा. एक सौम्य: सायलेन नावाचं पाण्यासारखं औषध लावायचं, ते चिनीमाती आणि मसाला यांची ओळख करून देतं, बस. टिकली धरते, पण उपकार केल्यासारखी. दुसरी कडक: आधी चिनीमातीवर चालणारं जहाल अ‍ॅसिड लावून वरची चकाकी जाळायची, मग सायलेन. टिकली अशी धरते की विचारू नका. पण वर्षादीडवर्षानं टिकली काढायची असते, आणि तेव्हा ती चिनीमातीचा कपचा बरोबर घेऊन येऊ शकते.

"सैल धरली तर पडंल, घट्ट धरली तर घेऊन जाईल," शिवप्रसाद म्हणाले.

"असंच."

"मधलं काही न्हाई?"

"मधलं बनवायचा सगळी दुनिया प्रयत्न करते आहे काका. अजून कुणाला नीट जमलेलं नाही."

"नवी कॅप बसवावी, हे तर सोपं हाय ना?" अनुसयाबाई मुलाकडं न बघता म्हणाल्या. शिवप्रसादांनी शंख उपरण्यात हळूहळू गुंडाळला आणि गाठ मारली.

पुष्करनं सौम्य वाट धरली.

दिवाळीपर्यंत टिकली टिकली. दिवाळीत चकलीनं काढली. आता तार असल्यामुळं ती शंखात गेली नाही, तारेवर वाळत घातलेल्या कपड्यासारखी लोंबत राहिली. पुन्हा चिकटवली. पौषात सिद्धेश्वरच्या धरणाकडं पाव्हण्यांच्या शेतात हुरडा खाताना दुसऱ्यांदा निघाली. "हुरडा कुणी दातानं खातं का?" पुष्कर चिडून म्हणाला. "मग काय कानानं?" अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराच्या गाठीतून बाभळीचा डिंक काढून टेबलावर ठेवला. "हे लाव. तुझ्या बाटलीपेक्षा बरं."

तिसऱ्यांदा टिकली निघाली तेव्हा शिवप्रसाद एकटेच आले. काही न खाता, नुसत्या बोलण्यात निघाली म्हणाले. पुष्करनं भिंगातून पाहिलं. कॅपच्या खालच्या कडेला केसासारखी बारीक रेघ उमटली होती. टिकली पडलेल्या दिवसांत दात मागं येत होता आणि ठोकर परत सुरू होत होती.

त्यानं आरसा दिला. शिवप्रसादांनी रेघ बराच वेळ पाहिली. मग खुर्चीवर मागं टेकले.

"पक्कं करा," म्हणाले.

जहाल अ‍ॅसिड लावायचं तर हिरडी, ओठ, जीभ सगळं झाकावं लागतं. पुष्करनं रबरी पडदा बांधला, त्यातून एकच दात बाहेर ठेवला. खिडकी उघडली, नाकाला मास्क लावला. शिवप्रसादांचे डोळे त्या मास्कवर खिळले. त्यांना बोलता येत नव्हतं, पडद्यानं तोंड झाकलेलं. पुष्करनं अ‍ॅसिड लावलं, धुतलं, वाळवलं. कॅपची चकाकी गेली होती. काचेवर वाफ धरावी तशी ती मंद, आंधळी दिसत होती. डाग मात्र तसाच होता, कारण तो आत होता.

पडदा काढल्यावर शिवप्रसाद पहिलं काय म्हणाले, तर, "तिला असा रुमाल कुणी दिला असता तर."

टिकली बसली. पुन्हा पडली नाही.

*

दीड वर्षानं दात जागेवर आले. खालचे दात आता वरच्याला लागत नव्हते. टिकल्या काढायच्या दिवशी अनुसयाबाईंनी पेढे आणले. पुष्करनं पक्कड घेतली. एकेक टिकली चिमटायची, टक असा आवाज येतो आणि सुटते. टक. टक. खालची ओळ झाली, वरची झाली, आणि पक्कड समोरच्या दाताकडं गेली तेव्हा शिवप्रसादांनी त्याचं मनगट धरलं.

"ही ऱ्हाऊ द्या."

"म्हणजे?"

"एकटी ऱ्हाऊ द्या. माझं काही अडत न्हाई."

"काका, असं कुणी ठेवत नाही."

"कुणी ठेवत न्हाई म्हून काय झालं? दुखत न्हाई, खुपत न्हाई. तुमी म्हणाले ना, काढताना कपचा येऊ शकतो? मंग काढायचीच न्हाई."

पुष्करनं समजावलं, अनुसयाबाईंनी पेढ्याचा पुडा परत पिशवीत घातला. काही उपयोग झाला नाही. शिवप्रसाद समोरच्या दातावर एकच टिकली घेऊन बाहेर पडले. बाकीचे दात मोकळे, आणि मधोमध ती एक, दारावर ठोकलेल्या नालासारखी.

हिंगोलीच्या बाजाराला असं काही मिळालं की महिना महिना पुरतं. "महाराज, तोंडाला कुलूप घातलं का?" "चावी कोणापाशी हाय?" शिवप्रसाद हसायचे, आणि हसल्यावर ती आणखीच दिसायची. पुष्कर रस्त्यात भेटला की मान खाली घालायचा. त्याच्या तज्ज्ञपणाची अशी जाहिरात गावभर फिरत होती आणि त्याला ती उतरवताही येत नव्हती.

शंखाचं मात्र जमेना. सगळ्या टिकल्या होत्या तेव्हा ओठ सगळीकडं सारखा टेकायचा, पुष्करनं दिलेलं मेण लावलं की भागायचं. आता सगळा भार त्या एका टिकलीवर यायचा. मेण फुंकेनं उडायचं. ओठाला आतून घट्टा पडला, घट्ट्याची जखम झाली. आणि एका सोमवारी आरतीला तिसऱ्या फुंकेनंतर शिवप्रसादांनी शंख तोंडापासून काढला तर शंखाच्या टोकावर रक्त होतं.

गुरवांच्या घरात नियम आहे. देवाच्या शंखाला माणसाचं रक्त लागलं की तो शंख पुन्हा देवापुढं धरायचा नाही. धुऊन चालत नाही, नदीत सोडायचा. तो शंख शिवप्रसादांच्या आजोबांचा. अनुसयाबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच आवाजावर त्यांनी दिवे लावलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कयाधू नदीवर गेले. पाणी कमी होतं. शंख बुडेना, वाळूत तिरका बसून राहिला. शिवप्रसादांना आत जाऊन तो हातानं खोल जागी दाबावा लागला.

घरी येताना अनुसयाबाई म्हणाल्या, "गेलेली धरून बसला, अन् हातातलं घालवलं."

असं बोलणं त्यांनी मुलाला आयुष्यात पहिल्यांदा ऐकवलं. हे त्यांनीच पुष्करला नंतर सांगितलं, आणि सांगताना पदराचं टोक इतकं पिळलं की त्याचा दोरा निघाला.

*

त्याच दुपारी शिवप्रसाद आले. खुर्चीवर बसले, तोंड उघडलं.

पुष्करनं बोलायचं टाळलं. त्यानं कडेचा मसाला आधी बारीक घासून काढला. घाई केली नाही. पक्कड टिकलीच्या दोन्ही पंखांवर धरली, ओढली नाही, पिळली नाही, नुसती हळूहळू चिमटत गेला. टक.

आवाज वेगळा होता. बाकीच्यांचा कोरडा होता. हा बारीक होता, चिनी बशीला चमचा लागल्यासारखा.

पुष्करनं पाहिलं आणि पक्कड तशीच हवेत राहिली. शिवप्रसादांनी जीभ फिरवली.

"गेलं?"

"थोडं गेलं काका."

"दाखवा."

कॅपच्या मधोमध उथळ खळगा पडला होता, तळाशी धातूचा काळसर कण दिसत होता. पक्कडीत टिकली होती आणि टिकलीच्या पाठीला चिकटलेला चिनीमातीचा पातळ पापुद्रा, नखाच्या कपच्याएवढा. त्या पापुद्र्यात डाग होता. पूर्ण. कडेसकट. साधनाचा थर पुष्करच्या मसाल्यानं सोडला नव्हता, सुटला होता तो साधनाच्याच धातूपासून.

"मला..." पुष्कर म्हणाला आणि पक्कड पुढं धरली.

शिवप्रसादांनी तळहात पुढं केला. पुष्करनं टिकली त्यावर ठेवली. त्यांनी ती उलटी करून डागाकडं बघितलं, उजेडाकडं धरली, परत बघितलं. खाली रस्त्यावरून कुणाच्या शेळ्या चालल्या होत्या, त्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. त्या लांब जाईपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी नकळत ओठ मागं घेऊन दात दाखवले, समोर कुणी नसताना, छताकडं. पुष्करला ते काय ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा तो बेसिनकडं वळला आणि उगाच हात धूत राहिला.

"आता भरून काढा," थोड्या वेळानं शिवप्रसाद म्हणाले.

पुष्करनं भरलं. रंगाची पट्टी दाताशेजारी धरून धरून छटा जुळवली, दोन थर दिले, निळ्या दिव्यानं घट्ट केले, घासून गुळगुळीत केलं. दात पुरा झाला. चांगला झाला. ज्याला माहीत नाही त्याला कळलं नसतं. पण त्याच्यावर डाग नव्हता, साधनानं पहिल्यांदा बनवलेल्या त्या भाड्याच्या दातासारखा तो कोरा होता.

"डाग टाकतो," पुष्कर म्हणाला.

त्यानं पांढऱ्या रंगाची बारीक बाटली उघडली, ब्रशचं टोक बुडवलं, ठिपका दिला. भिंतीवर चुना उडाल्यासारखा दिसला. पुसला. दुसरा दिला, जास्त पातळ. तो दिसेचना. तिसरा बरा होता, पण त्याची कड धारदार होती, खऱ्या डागाची कड अशी कधी नसते. पुसला. पाचव्यांदा ब्रश बुडवताना शिवप्रसादांनी तोंड मिटलं.

"बस करा डॉक्टर. आज नगं."

"पुढच्या खेपेला टाकतो. सराव करून ठेवतो."

"बराबर." त्यांनी टिकली खिशातल्या रुमालात बांधली आणि उठले. दारात थांबले. "तिला बी चार वेळा भट्टी तापवायला लागली व्हती."

*

पुढची खेप आली नाही. देवळात नवा शंख आला. त्याचा आवाज बारीक आहे. चहावाल्यानं सुरुवातीला तो दोन दिवस ओळखला नाही आणि लोकांना चहा उशिरा मिळाला, मग तोही शिकला.

पुष्करच्या खणात जुन्या काढून टाकलेल्या कॅपांचा डबा आहे. दुपारी रोगी नसले की तो एक काढतो, भिंग लावतो, डाग टाकतो. काही बरे जमतात. एक तर इतका जमला होता की त्यानं तो खिडकीत नेऊन पाहिला आणि उजेडात तो पोकळ वाटला. साधनाचा डाग आतून दिसायचा, याचे सगळे वरून दिसतात. बोर्डावरचं 'तज्ज्ञ' त्यानं अजून खोडलेलं नाही, पण हल्ली लोकांना तो तेवढ्या जोरात वाचूनही दाखवत नाही.

परवा अनुसयाबाई कवळी सैल झाली म्हणून आल्या. काम झालं, कवळी बसवून त्यांनी दोनदा दात आपटून पाहिले.

"आजी, काका येत नाहीत ते?"

"काहून यावं? ठोकर लागत न्हाई आता."

"डाग राहिलाय ना."

अनुसयाबाईंनी पिशवीत चष्मा ठेवला, पदर सावरला, पायरीवर एक पाय ठेवून वळून पाहिलं. नेहमीसारखं टोचून बोलणार म्हणून पुष्कर तयार होऊन उभा राहिला.

"म्या बी म्हणलं त्याला, जा, डाग टाकून घे, डॉक्टर वाट पाहून राहिला. तर म्हणतो, ऱ्हाऊ दे तेवढं त्याच्याकडं." त्या एक पायरी उतरल्या. "ते तीळभर देणं हाय तुझ्यावर, लेका. इसरू नको."

त्या हळूहळू नरसीच्या रस्त्याला लागल्या. पुष्करनं आत येऊन भिंग लावलं आणि डब्यातून पुढची कॅप काढली.